पावसाळ्याआधी टॉर्च घ्यायची आहे: झोताची छटा आणि पाण्यातला टिकाव

अकोटा_तळमजला | ८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. २०२४च्या गोकुळाष्टमीनंतर विश्वामित्री नदीनं काय केलं ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. काळ्या घोड्याच्या पुलाशी पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या घरात कमरेपर्यंत आलं. वीज आधीच बंद केलेली होती. आईला उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलं आणि पुढच्या रात्री टॉर्चच्या उजेडावर काढल्या.

त्या रात्रींमधल्या दोन गोष्टी मनातून जात नाहीत. पहिली अशी, की माझी टॉर्च जिन्यात हातातून सुटून पाण्यात पडली. अर्ध्या मिनिटात काढली. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ छापलेलं होतं. रात्रभर चालली, सकाळी काचेच्या आतून वाफ धरली आणि दुपारी बटण कायमचं गेलं.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी. घरात एक साधी टॉर्च होती, तिचा उजेड निळसर पांढरा. आईच्या दोन गोळ्या पाकिटातून काढून एकाच डबीत ठेवलेल्या होत्या, एक पांढरी आणि एक फिकट गुलाबी. आकार जवळजवळ सारखा. त्या उजेडात मला दोन्ही एकच दिसत होत्या. हात थरथरायला लागले. शेवटी गोळी दिलीच नाही, उजाडल्यावर खिडकीशी नेऊन पाहिली आणि मग दिली.

आता मृग लागलाय. चार हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. मित्रांच्या दोन टॉर्च पाहिल्या, एक निळसर आणि भयंकर प्रखर, दुसरी पिवळसर आणि थोडी मंद. दुकानदार पहिलीच घ्या म्हणतो, लुमेन (एकूण उजेडाचं माप) जास्त आहेत म्हणून. बायकोला दुसरी बरी वाटते. नक्की काय बघायचं?

झोतवेडा | ८ जून, रात्री ११:१५

वहिनींची नजर बरोबर आहे. तुमची गोळ्यांची गोष्ट वाचून मी झोपायचं सोडून लिहायला बसलोय, कारण छटेचा प्रश्न लोक हौसेचा समजतात आणि तो तसा नाही.

पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप असतो. थोडा निळा तसाच बाहेर येतो, थोड्याचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (हा निळा एलईडी जमवला म्हणून आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. नाकामुरांनी ते काम जपानच्या निचिया कंपनीत असताना केलं, आणि आज टॉर्चवेड्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त नाव तिच्याच एलईडीचं असतं.) स्वस्त एलईडीत निळा भरपूर, पिवळा-हिरवा पुरेसा, आणि गडद लाल जवळजवळ नाहीच. आता फिकट गुलाबी म्हणजे काय? पांढऱ्यात थोडा लाल. उजेडातच लाल नसेल तर गोळी तो परत पाठवणार कुठून? तुमचे डोळे चुकले नव्हते, उजेडच अपुरा होता.

खोक्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी बघायच्या असतात. लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली रंगतापमान, केल्व्हिनमध्ये. जुना पिवळा बल्ब २७००च्या आसपास, भर दुपारचं ऊन साधारण ५५००, आणि तुम्ही पाहिलेली निळसर टॉर्च ६५०० किंवा त्याच्या वर असणार. घरासाठी ४००० ते ५००० मला सर्वांत सोयीचं वाटतं.

दुसरी सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा. साध्या टॉर्च ७०च्या घरात असतात, चांगल्या ९०च्या वर. पण यातही मेख आहे. हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो आणि गडद लाल त्या आठांत नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-९. गोळ्या, जखम, कुंकू, विजेच्या तारा यांसाठी तोच विचारा.

तिसरी खरी छटा, म्हणजे त्याच केल्व्हिनला झोत हिरवट झुकतो की गुलाबीसर. दोन टॉर्च ४५०० केल्व्हिनच्या असल्या तरी एक शेवाळलेल्या पाण्यासारखी आणि दुसरी स्वच्छ दिसू शकते. हिरवट झाक इतकी का आढळते? माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वांत तिखट असतो आणि लुमेन मोजतात ते त्याच हिशोबानं. उजेड हिरव्याकडे झुकला की आकडा वाढतो. मोठ्या आकड्याच्या मागे लागलं की चेहरे आजारी दिसतात.

आणि पिवळं म्हणजे चांगलं असंही नाही. रस्त्यावरचे जुने सोडियमचे दिवे आठवा. उबदार पिवळा उजेड, पण त्याखाली लाल गाडी कुठली आणि तपकिरी कुठली ते कळत नसे.

लाल_पिवळा_निळा | ९ जून, सकाळी ७:०५

वायरमन म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त. माझं इथलं नाव बघा, ते तीन फेजचे रंग आहेत. न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवं. जुन्या वाड्यांतल्या बोर्डात धूळ बसून लाल तार तपकिरी होते आणि निळी काळपट. निळसर टॉर्च मारली की निळी तार आणि काळी तार एकच दिसते. एक फेज, एक न्यूट्रल. झोतवेडा जे लिहितात ते आमच्या धंद्यात जिवावर बेततं. मी टेस्टर लावल्याशिवाय कुठल्याच रंगावर विश्वास ठेवला नाही, पण चांगल्या उजेडानं पहिली चूकच टळते.

पाण्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर एवढंच, की ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काहीही किंमत देऊ नका. आकडा मागा.

पावागडवारी | ९ जून, सकाळी १०:३०

थोडा विरोध नोंदवतो. आम्ही पावसाळ्यात पावागड, जांबुघोडा अशा बाजूला जातो. उघड्यावर थंड पांढरा झोत जास्त लांब जातो हा माझा अनुभव आहे. आणि धुक्यात मात्र पिवळा आरपार जातो, म्हणून तर गाड्यांना पिवळे फॉग लाइट असायचे. म्हणजे दोन टॉर्च हव्यात, असं माझं मत.

झोतवेडा | ९ जून, दुपारी १:५०

@पावागडवारी, पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. तोच एलईडी कमी सीआरआयचा घेतला तर लुमेन जास्त मिळतात, त्यामुळे थोडा लांब जातो. पण डोळ्याला दुप्पट उजेड जाणवायला साधारण चौपट लुमेन लागतात. हजार आणि साडेसातशे यांतला फरक हातात दोन्ही टॉर्च एकदम धरल्याशिवाय कळतही नाही. गुलाबी आणि पांढऱ्यातला फरक मात्र लगेच कळतो.

झोत लांब जातो तो लुमेनवर नाही, कॅन्डेलावर, म्हणजे उजेड एका दिशेला किती एकवटलाय त्यावर. खोक्यावर कॅन्डेला दिले असतील तर त्यांचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कॅन्डेला म्हणजे २०० मीटर. पण त्या अंतरावर उरतो तो पाव लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काहीतरी आहे इतकंच कळतं, काय आहे ते ओळखायचं तर निम्मं अंतर धरा.

धुक्याचं मात्र पटत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते निळा आणि पिवळा जवळजवळ सारखाच विखुरतात. पिवळा कमी टोचतो, म्हणून बरा वाटतो. धुक्यात खरा फरक पडतो टॉर्च कुठे धरली त्यानं. डोळ्याजवळ धरली, विशेषतः कपाळावर बांधली, तर समोर पांढरी भिंत उभी राहते. कमरेशी धरून पाहा.

पण एका ठिकाणी उबदार उजेड खरंच पुढे जातो, ते म्हणजे पुराचं गढूळ पाणी. स्वच्छ समुद्रात लाल आधी विरतो आणि निळा खोल जातो. आपल्या नदीच्या मातकट, कुजलेल्या पाल्याच्या पाण्यात उलटं होतं, निळा आधी शोषला जातो. निळसर टॉर्चचा निळा भाग तिथे फुकट जातो.

नदीकाठ | ९ जून, रात्री ८:२०

पुराच्या पाण्यातला उजेड हा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. मी प्राणी वाचवणाऱ्या गटाबरोबर जातो. २०२४ला वस्तीत मगरी शिरल्या ते सगळ्यांनी पाहिलंय, २०१९च्या पुरातही तेच झालं होतं.

पाण्यातली मगर रात्री अंगावरून ओळखू येत नाही, डोळ्यांवरून येते. तिच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो. झोत पडला की निखाऱ्यासारखे तांबूस-नारिंगी ठिपके चमकतात. हा उजेड जिथून आला त्याच वाटेनं परत जातो, म्हणून यासाठी टॉर्च कमरेशी धरून चालत नाही, कानशिलाजवळ धरावी लागते. धुक्यासाठी झोतवेड्यांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट. इथे छटा दुय्यम, झोत एकवटलेला हवा. पाण्यात पाय टाकण्याआधी एकदा सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवा. दोन ठिपके दिसले तर मागे फिरा आणि वनखात्याला कळवा. जवळ जाऊन फोटो काढू नका. ती भेदरलेली असते, आणि कायद्यानं संरक्षित पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे.

सापांचं वेगळं. सापाचा डोळा असा चमकत नाही. पाणी ओसरल्यावर पाल्याच्या ढिगात वेटोळं घालून बसलेली घोणस म्हणजे तपकिरीवर तपकिरी. निळसर झोतात सगळा ढीग एकसारखा करडा होतो. चांगल्या सीआरआयच्या टॉर्चनं तिच्या पाठीवरचे लंबगोल ठिपके पाल्यापासून सुटे दिसतात. हा फरक मी त्याच ढिगावर दोन टॉर्च आळीपाळीनं मारून पाहिला आहे आणि तेव्हापासून जुनी टॉर्च घरी ठेवली.

लाल_पिवळा_निळा | ९ जून, रात्री ९:४५

आता पाण्याचं. पोरांनो, नीट वाचा.

खोक्यावर ‘आयपी’ अशी धूळ-पाण्यापासून बचावाच्या दर्जाची खूण असते, तिच्यापुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिल्याच्या जागी एक्स असेल तर धुळीचं काही सांगितलेलं नाही, एवढाच अर्थ. पाण्याचा ४ म्हणजे चहूकडून शिंतोडे चालतील, साधा पाऊस चालेल. ७ म्हणजे एक मीटर खोल, अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कडक, पण खोली आणि वेळ कंपनीनं स्वतः सांगायची असते, बहुतेक टॉर्चवर दोन मीटर अर्धा तास लिहिलेलं असतं. नुसतं आयपीएक्स ८ आणि खाली खोली नाही, तर ते अर्धवट आहे.

७ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं नाही. ५ आणि ६ जोरदार फवाऱ्याचे आहेत. ६च्या चाचणीत मिनिटाला शंभर लिटर पाणी नळीनं मारतात. शांत पाण्यात बुडवलेली टॉर्च टिकते आणि पंपाच्या फवाऱ्यात तिचंच बटणाचं रबर दबून पाणी आत जातं. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी दोन्ही आकडे छापलेली टॉर्च घ्यावी.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. ७च्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक नको, असा नियम आहे. का? जोरात चालवलेली टॉर्च तापते. तापलेली असतानाच तुम्ही सेल बदलला, झाकण लावलं, तर आत गरम हवा कोंडली. ती ६० अंशांची हवा पुराच्या पाण्यात २५वर आली की तिचा दाब साधारण एक दशांश घटतो. एक मीटर पाण्याखालचा जादा दाबही तेवढाच. म्हणजे टॉर्च बोटभर पाण्यात असली तरी आतून ती पाणी ओढतेय, जणू मीटरभर खोल आहे. अकोटावाल्यांनी जिन्यात सेल बदलला होता का?

अकोटा_तळमजला | ९ जून, रात्री १०:१०

काका, बदलला होता. पडायच्या पाच-दहा मिनिटं आधीच. आणि टॉर्च हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

लाल_पिवळा_निळा | ९ जून, रात्री १०:३०

मग तेच झालं असणार. थोडं बटणाच्या रबरातून, थोडं झाकणातून. थंड होऊ द्यायची, मग उघडायची. आणीबाणीत ते सुचत नाही हे मला मान्य आहे, म्हणून तर दुसरी टॉर्च जवळ हवी.

ओ-रिंगबद्दल. टॉर्चचं सगळं पाणीरक्षण त्या काळ्या रबरी वळ्यावर आहे. वर्षानुवर्षं लोक तिच्याकडे बघत नाहीत. कोरडी पडते, चपटी होते, झाकण फिरवताना पिळवटून तुटते. वर्षातून दोनदा, एकदा मृगाआधी आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत, झाकण उघडा, आटे सुती कापडानं पुसा, रिंग लाकडी काडीनं काढा (सुई नको, ओरखडा पडतो), आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. चमकली पाहिजे, लडबडली नाही पाहिजे. बहुतेक टॉर्चमध्ये नायट्राइल रबर असतं, त्याला हे ग्रीस बरोबर. रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस नको, फुगते. खोबरेल, मोहरीचं तेल, स्वयंपाकघरातलं काहीही नको.

पुराचं पाणी चाचणीतल्या पाण्यासारखं स्वच्छ नसतं. त्यात रेती असते, गटार असतं, डिझेल असतं. टॉर्च पाण्यातून काढली की लगेच उघडू नका. आधी नळाखाली बाहेरून धुवा, पुसा, वाळवा आणि मग झाकण खाली धरून उघडा, म्हणजे आट्यांत अडकलेलं पाणी आत न जाता बाहेर गळेल. आट्यांत रेती राहिली तर दोन फेऱ्यांत रिंग कापली जाते.

कारेलीबाग_परिचारिका | १० जून, सकाळी ६:१५

रात्रपाळी संपवून वाचतेय. गोळ्यांसाठी एक विनंती: गोळी पाकिटातून काढून ठेवूच नका, पाकीट कापून नावासकट ठेवा. टॉर्च कितीही चांगली असली तरी.

बाकी झोतवेडादादांचं पटलं. पुरानंतर घरोघरी जाऊन पायाच्या जखमा बघितल्या तेव्हा निळसर टॉर्चखाली लालसरपणा किती पसरलाय ते समजतच नव्हतं. सूज हातानं कळायची, लाली नाही. कातडी फिकट आहे की निळसर पडलीय हेही त्या उजेडात सांगता येत नाही. सहकारी एक ९०च्या वरची छोटी टॉर्च घेऊन आली आणि त्या दिवसापासून आम्ही सगळ्या तीच मागून वापरायचो.

पावागडवारी | १० जून, सकाळी ९:००

धुक्याचं काल रात्री गच्चीवर पाणी फवारून बघितलं. कमरेशी धरल्यावर खरंच फरक पडला. माझं म्हणणं मागे घेतो.

चार्जिंगच्या भोकाबद्दल कुणीच बोललं नाही. यूएसबी-सीच्या भोकावर रबराची पट्टी असते, ती अर्धवट लागलेली असली की आकडा ८ असो वा ९, काही उपयोग नाही.

झोतवेडा | १० जून, सकाळी ११:२०

अगदी. माझ्या मते पुरासाठी घ्यायची टॉर्च बिनभोकाची असावी. सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावायचा, किंवा चुंबकानं चिकटणाऱ्या तारेची असावी. भोकवाली घेतलीच तर ओल गेल्याची खात्री झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, ओल्या पिनांवर वीज आली की त्या कुजतात. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. लिथियम सेल स्वतः पाण्यात बुडाला असेल तर तो पुन्हा चार्ज करू नका.

आता काही नावंही सांगतो. कॉन्व्हॉय एस-२ प्लस, एका १८६५० सेलची (चार्ज होणाऱ्या लिथियम सेलचं हे माप) साधी नळी, निचिया ५१९ए एलईडी मागून घ्या, ४५०० केल्व्हिन. भोक नाही. छटा हिरवट नाही, उलट किंचित गुलाबीकडे, लाल सुरेख. किंवा वुर्कोस एफसी ११ सी, तिच्यातही ५१९ए येतो, पण ती भोकवाली आहे. ल्युमिनस या एलईडी बनवणाऱ्या कंपनीचा एसएसटी-२० हा एलईडी ४००० केल्व्हिनला ९५ सीआरआयचा मिळतो, रंग उत्तम दाखवतो, मात्र कमी उजेडावर हिरवट झुकतो. रात्री आईजवळ मंद लावून ठेवायची असेल तर ते खटकेल. एकच एलईडी कमी-जास्त प्रवाहावर वेगळी छटा देतो, हे दुकानात फक्त पूर्ण प्रखर लावून बघणाऱ्याला कळत नाही. मंद लावूनही बघा.

दुकानात पारखायची एक रीत. एकटी टॉर्च भिंतीवर मारून काही समजत नाही, डोळा दोन मिनिटांत कुठल्याही उजेडाला पांढरा मानतो. दोन टॉर्च शेजारी-शेजारी एकाच कोऱ्या कागदावर मारा. मग स्वतःचा तळहात धरा. तळहात जिवंत दिसला पाहिजे. जमलं तर कुंकवाची डबी घेऊन जा, कुंकू विटकरी दिसलं तर ती टॉर्च ठेवून द्या.

कोयली_पाळी | १० जून, संध्याकाळी ५:३०

एकच सांगून जातो. पुरानंतर बंद घरात शिरताना गॅसचा वास आला तर कुठलीही साधी टॉर्च आत जाऊन लावू किंवा विझवू नका. पाणीरोधक म्हणजे स्फोटरोधक नाही. आमच्याकडे कामावर त्याच्या वेगळ्या प्रमाणित टॉर्च असतात. बाहेर थांबा, सिलिंडरवाल्याला बोलवा.

अकोटा_तळमजला | २१ जून, रात्री १०:०५

टॉर्च आली. निचियावाली, बिनभोकाची. काकांनी फोनवर सांगितलं तसं केलं: सेल न घालता आत टिश्यू पेपरची सुरळी घातली, झाकण लावलं आणि बादलीत अर्धा तास बुडवून ठेवली. बाहेर काढून धुतली, पुसली, झाकण खाली धरून उघडली. सुरळी कोरडी. मग ग्रीस लावलं आणि पुन्हा तेच केलं, पुन्हा कोरडी.

रात्री मेन स्विच बंद करून आईच्या त्याच दोन गोळ्या पांढऱ्या बशीत ठेवल्या. मंदातल्या मंद उजेडावर गुलाबी ती गुलाबी दिसली. आईलाही दाखवलं. तिनं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं बोट ठेवून ‘ही सकाळची’ म्हणून बरोबर सांगितलं. गोळ्या आता कापलेल्या पाकिटातच असतात, ताई.

काका, जुनी टॉर्च टाकावीशी वाटत नाही. तिचं बटण आणि रिंग बदलून मिळेल का?

लाल_पिवळा_निळा | २१ जून, रात्री १०:४०

बटण मिळेल, रिंगही मिळेल. आतली पट्टी हिरवी पडली असेल तर ती घासावी लागेल. रविवारी अकरानंतर दांडिया बाजारात या, मी तिथे माझ्या दुकानदार मित्राकडे बसलेला असतो. झाकण आणि रिंगचे तुकडे टाकले नसतील तर तेही आणा, माप त्यावरूनच घ्यावं लागेल.